किती किरण पुरतात?

पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये शंभर वर्षांपूर्वी दोन प्रयोगशाळा शेजारी शेजारी चालत. एकीत मेरी क्युरी किरणोत्सर्गी द्रव्यांचं भौतिकशास्त्र तपासत होत्या. दुसरीत क्लॉडियस रगो हे डॉक्टर, तेच किरण जिवंत पेशींचं काय करतात ते पाहत होते. रगोंनी प्रयोगासाठी एडके घेतले. एडक्याच्या वृषणात शुक्रपेशी सतत आणि झपाट्याने तयार होत असतात. कर्करोगाच्या पेशीही अशाच भराभर वाढतात, तेव्हा वृषणाला गाठीच्या जागी धरून चालावं, असा त्यांचा हिशोब. एकाच मोठ्या डोसाने एडका निर्बीज करायला गेलं, तर वरची कातडी भाजून निघे. डोस काही आठवड्यांत वाटून दिला, की एडका निर्बीज होई आणि कातडी बरीचशी शाबूत राही. रगोंचे सहकारी आंरी कुतार यांनी ही वाटणी घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगावर वापरली. जे रुग्ण हाताबाहेर गेले असं मानलं जाई, त्यांतले काही वर्षानुवर्षं जगले.

किरणोपचाराचं वेळापत्रक तिथून ठरून गेलं. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा डोस, शनिवार-रविवार सुट्टी, असे सहा, सात, कधी आठ आठवडे. रोजच्या या वाट्याला फ्रॅक्शन म्हणतात. डोस मोजायचा ग्रे या एककात. एक किलो ऊतीने एक जूल ऊर्जा शोषली की तो एक ग्रे. रोजचा वाटा साधारण दोन ग्रेचा. दोन वाट्यांमधल्या वेळात निरोगी पेशी आपल्या डीएनएची डागडुजी करून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ती तितकीशी साधत नाही. सगळं गणित या फरकावर उभं आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत मात्र संशोधकांनी उलटा प्रश्न लावून धरला आहे. कमीत कमी किती दिलं तर भागेल? तो सर्वांत नेटाने विचारला गेला दोन अगदी वेगळ्या जागी. एक प्रोस्टेट, जिथे कर्करोग बहुधा सावकाश वाढतो आणि उपचारानंतर रुग्णापुढे पंधरा-वीस वर्षं असू शकतात. दुसरी जागा मेंदू, जिथे फुप्फुसातून, स्तनातून, मूत्रपिंडातून किंवा त्वचेच्या मेलॅनोमातून आलेल्या दुय्यम गाठी रुजतात आणि हातात असलेला काळ अनेकदा महिन्यांत मोजावा लागतो. (प्रोस्टेटचा कर्करोग स्वतः मेंदूत क्वचितच जातो. त्याचा ओढा हाडांकडे असतो.)

आधी प्रोस्टेट. मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाला अगदी चिकटून असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग जाळायचा तर ७४ ते ७८ ग्रे लागतात, म्हणजे दोन-दोन ग्रेचे ३७ ते ३९ वाटे. जवळजवळ आठ आठवडे रोज रुग्णालयाची वारी. १९९९ साली डेव्हिड ब्रेनर आणि एरिक हॉल या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी या व्यवस्थेच्या पायालाच हात घातला. बहुतेक कर्करोग लहान वाट्यांनी हरतात, कारण त्यांच्या पेशी लगबगीने विभागत असतात आणि दुरुस्तीत कच्च्या असतात. प्रोस्टेटचा कर्करोग संथ. ब्रेनर आणि हॉल यांनी रुग्णांच्या नोंदींवरून हिशोब मांडला, की या गाठी वाट्याच्या आकाराच्या बाबतीत कर्करोगासारख्या वागतच नाहीत. सावकाश चालणाऱ्या निरोगी ऊतीसारख्या वागतात, आणि मोठ्या वाट्याचा घाव त्यांना अधिक बसतो. हे खरं असेल तर रोजचा वाटा लहान ठेवण्यात गाठीचंच फावत होतं.

कागदावरचा हिशोब माणसांवर तपासायला सतरा वर्षं गेली. ब्रिटनमध्ये डेव्हिड डिअर्नली यांच्या पुढाकाराने ‘चिप’ नावाची चाचणी झाली. ३२१६ पुरुष, तीन गट. पहिल्या गटाला ३७ दिवसांत ७४ ग्रे, दुसऱ्याला २० दिवसांत ६०, तिसऱ्याला १९ दिवसांत ५७. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं योगायोगावर सोडलेलं. २०१६ साली निकाल आला. पाच वर्षांनी कर्करोग उलटला नव्हता असे पुरुष पहिल्या गटात ८८.३ टक्के, दुसऱ्यात ९०.६, तिसऱ्यात ८५.९. वीस दिवसांचा बेत जुन्यापेक्षा उणा नाही हे सिद्ध झालं. एकोणीस दिवसांचा ५७ ग्रेचा बेत मात्र त्या कसोटीला उतरला नाही. एक दिवस आणि तीन ग्रे, एवढाच फरक. ‘कमी’ या शब्दाला इतकी बारीक कड असते, आणि ती अंदाजाने सापडत नाही.

यानंतर वेग वाढला. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या सुमारे बाराशे पुरुषांवर ३९ फ्रॅक्शन आणि अवघी सात फ्रॅक्शन यांची तुलना झाली. २०१९ साली छापलेल्या निकालात पाच वर्षांनंतर दोन्हीकडे ८४ टक्के पुरुषांचा कर्करोग उलटलेला नव्हता. मग ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातली ‘पेस-बी’ ही चाचणी. तिच्यात सौम्य ते मध्यम जोखमीचे ८७४ रुग्ण होते. एका गटाला पाच फ्रॅक्शन, एक-दोन आठवड्यांत काम संपलं. दुसऱ्याला नेहमीची वीस किंवा ३९. २०२४ मधला निकाल पाच वर्षांच्या नियंत्रणाचा: ९५.८ टक्के आणि ९४.६ टक्के.

पण हे फुकट मिळालं नाही. मूत्रमार्गाचे त्रास, म्हणजे वारंवार लघवी, घाई, जळजळ, पाच फ्रॅक्शनवाल्या गटात जास्त होते. पाच वर्षांत औषध घ्यावं लागेल इतपत त्रास एकदा तरी झालेले रुग्ण तिथे २६.९ टक्के, तर दुसऱ्या गटात १८.३. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘पाच दिवसांत प्रोस्टेट कर्करोग बरा’ एवढंच येतं, हा आकडा येत नाही. दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला मात्र तो कळायला हवा. साठीच्या माणसाला रात्री तीनदा उठावं लागणं ही काही किरकोळ गोष्ट नाही.

इतक्या मोठ्या वाट्याला नेम अचूक लागतो, आणि नेम धरणं अवघड, कारण प्रोस्टेट एका जागी राहत नाही. गुदाशयात वायू साठला की ती पुढे ढकलली जाते, मूत्राशय भरलं-रिकामं झालं की आजूबाजूची सगळी रचना बदलते. म्हणून किरणोपचार विभागाबाहेर बाकांवर बाटलीतलं पाणी मोजून पिणारे, आणि मग लघवी रोखून नंबराची वाट पाहणारे पुरुष दिसतात. भरलेलं मूत्राशय स्वतःचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून दूर ठेवतं. पोट साफ करून येण्याची सक्तीही त्याचसाठी. अनेक ठिकाणी ग्रंथीत आधी सोन्याचे तांदळापेक्षा बारीक मणी बसवतात. स्कॅनवर ते ठळक दिसतात आणि मशीन त्यांच्यावरून जागा पक्की करतं. तरीही थोडी चूकभूल धरून ग्रंथीभोवती काही मिलिमीटर जादा पट्टा किरणांखाली घ्यावा लागतो, आणि दुखापत होते ती त्या पट्ट्यात.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अमर किशन आणि सहकाऱ्यांनी नेमका या पट्ट्याचा अभ्यास केला. १५६ रुग्ण होते. निम्म्यांना सीटी स्कॅनच्या आधाराने किरण, पट्टा चार मिलिमीटर. उरलेल्यांना किरण चालू असतानाच एमआरआयवर ग्रंथी पाहत किरण, पट्टा दोन मिलिमीटर. पहिल्या तीन महिन्यांतला मूत्रमार्गाचा लक्षणीय त्रास ४३.४ टक्क्यांवरून २४.४ वर आला. गुदाशयाचा त्रास १०.५ टक्क्यांवरून शून्यावर. फक्त दोन मिलिमीटर! अर्थात असं एमआरआय जोडलेलं यंत्र महाग असतं, आणि जगातल्या फार थोड्या रुग्णालयांत आहे.

कमी करत जायचं तर शेवटी शून्यही तपासावं लागतं. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीने ते धाडस केलं. रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाच्या तपासणीतून प्रोस्टेटपुरताच मर्यादित कर्करोग सापडलेल्या १६४३ पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्शावर शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्यावर किरणोपचार, आणि उरलेल्यांवर नुसती नजर ठेवली गेली. पंधरा वर्षांनंतर प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचं प्रमाण किरणोपचारात २.९ टक्के, शस्त्रक्रियेत २.२ टक्के आणि नजर ठेवलेल्यांत ३.१ टक्के निघालं. हा फरक योगायोगाच्या कक्षेतला. नजर ठेवलेल्या गटात कर्करोग दूर पसरण्याचं प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होतं, आणि त्यांतल्या ६१ टक्क्यांनी पुढे कधीतरी उपचार घेतलाच. तरीही त्या गटातला जवळजवळ चौथा हिस्सा पंधरा वर्षांनी कुठल्याही उपचाराविना जिवंत होता. कर्करोग म्हटलं की आधी ‘काढून टाका’ म्हणणाऱ्या घरच्यांना हे पचवणं कठीण जातं.

इथवर वाचून वाटेल, की सगळा इतिहास वजाबाकीचाच. मुंबईने त्याला वेगळं वळण दिलं.

टाटा मेमोरियल केंद्रात डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१७ या काळात २२४ रुग्ण निवडले. हे सौम्य आजाराचे पुरुष नव्हते. आपल्याकडे प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा उशिरा कळतो, आणि या सर्वांच्या बाबतीत कर्करोग ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींत पोचलेला असण्याची शक्यता किमान वीस टक्के धरलेली होती. प्रश्न असा, की स्कॅनवर स्वच्छ दिसणाऱ्या त्या ग्रंथींनाही किरण द्यावेत, की नुसत्या प्रोस्टेटला? अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये आधी झालेल्या चाचण्यांमधून याचं निर्विवाद उत्तर निघालं नव्हतं आणि बरेच डॉक्टर ओटीपोट वगळण्याकडे झुकले होते. मुंबईच्या चाचणीत प्रोस्टेटला दोन्ही गटांत २५ फ्रॅक्शनमध्ये ६८ ग्रे दिले. एका गटात ओटीपोटातल्या ग्रंथींनाही त्याच २५ फ्रॅक्शनमध्ये ५० ग्रे मिळाले. सर्वांना किमान दोन वर्षं हार्मोन रोखणारे उपचार होते.

२०२१ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा चढलेला नव्हता असे रुग्ण नुसत्या प्रोस्टेटवर किरण घेतलेल्या गटात ८१.२ टक्के, आणि ओटीपोटासह घेतलेल्या गटात ९५. दूर पसरण्यापासून बचाव ८९.२ टक्क्यांवरून ९५.९ वर गेला. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता, आणि लघवीच्या नंतरच्या तक्रारी रुंद क्षेत्रवाल्या गटात दुपटीहून अधिक होत्या. एकाच रुग्णालयातली, मध्यम आकाराची चाचणी म्हणून काहींनी तिला तोलूनमापून घेतलं. तरी जुन्या चाचण्या जिथे अडखळल्या तिथे हिला स्पष्ट उत्तर का मिळालं, याचं एक कारण पटण्याजोगं आहे. यातल्या सुमारे ८० टक्के रुग्णांचा पीएसएमए पेट स्कॅन झाला होता. हा स्कॅन प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर असणाऱ्या एका प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सर्गी द्रव्य वापरतो आणि अगदी लहान ठिकाणंही उजळून दाखवतो. त्यामुळे ज्यांचा आजार आधीच दूरवर पसरला आहे असे रुग्ण वेळीच वेगळे काढता आले. उरले ते, ज्यांना ओटीपोटातल्या किरणांचा खरोखर उपयोग होण्यासारखा होता.

नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या ५७१ रुग्णांवरची ‘फ्लेम’ चाचणी वाढवण्याची दुसरी तऱ्हा दाखवते. तिथे सगळ्या प्रोस्टेटला ७७ ग्रे दिले, पण एका गटात एमआरआयवर दिसणाऱ्या मुख्य गाठीपुरता डोस ९५ ग्रेपर्यंत नेला. पाच वर्षांचं नियंत्रण ८५ टक्क्यांवरून ९२ वर गेलं, त्रास फारसा न वाढता.

म्हणजे फ्रॅक्शन कमी, क्षेत्र कुठे अरुंद तर कुठे रुंद, आणि डोस एका ठिपक्यावर जास्त. ‘रेडिएशन’ या एका शब्दाखाली निर्णयांची ही सगळी भाजणी दडलेली असते, आणि दोन शेजाऱ्यांना एकाच आजारावर वेगवेगळे ‘शेक’ का दिले याचं कोडंही तिथेच सुटतं.

दिवसांचा प्रश्न भारतात वैद्यकाइतकाच पोटापाण्याचा आहे. परळला टाटा रुग्णालयात उपचारासाठी विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर आठ आठवड्यांचं भाडं, खाणं आणि सोबतच्या मुलाची बुडालेली मजुरी. यंत्राच्या बाजूने पाहिलं तरी एका रुग्णाची ३९ फ्रॅक्शन पाचवर आली, की त्याच यंत्रावर आणखी कितीतरी जण बसतात. म्हणून टाटा केंद्राने ‘प्राइम’ नावाची चाचणी हाती घेतली. पाश्चात्त्य चाचण्यांनी पाच फ्रॅक्शन मुख्यतः सौम्य आणि मध्यम आजारात तपासली होती. इथे ती जास्त जोखमीच्या किंवा लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेल्या कर्करोगात २५ फ्रॅक्शनच्या तुलनेत उतरवली आहेत. आपल्या रुग्णांचा आजार ज्या टप्प्यावर सापडतो, त्या टप्प्याचा हा प्रश्न आहे, आणि तो दुसरं कुणी आपल्यासाठी विचारेल अशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

मेंदूची गोष्ट जास्त टोकाची आहे.

मेंदूत दुय्यम गाठी दिसल्या की सबंध डोक्यावर किरण द्यायचे, ही रीत १९५०च्या दशकात सुरू झाली आणि पुढे दहा फ्रॅक्शनमध्ये ३० ग्रे हा जवळजवळ जगभरचा शिरस्ता झाला. तर्क सरळ होता. दोन गाठी दिसतात म्हणजे न दिसणाऱ्या वीस असणार, तेव्हा सगळंच भाजून काढा. १९९० साली केंटकी विद्यापीठाच्या रॉय पॅचेल यांनी दाखवलं, की गाठ एकच असेल तर ती आधी शस्त्रक्रियेने काढून मग डोक्यावर किरण दिल्याने आयुष्य वाढतं. नुसत्या किरणांच्या गटात निम्मे रुग्ण १५ आठवड्यांत गेले, शस्त्रक्रिया झालेल्यांत हाच काळ ४० आठवडे. त्या अभ्यासात एक तपशील असा आहे, जो भारतातल्या डॉक्टरांनी कधी विसरू नये. निवडलेल्या ५४ रुग्णांपैकी सहाजणांच्या मेंदूतली गाठ तपासणीत दुय्यम कर्करोगाची निघालीच नाही. कुणाची वेगळी गाठ, कुणाचा जंतुसंसर्ग. क्षयाच्या आणि फीतकृमीच्या गाठी जिथे मेंदूत सर्रास सापडतात, तिथे स्कॅनवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची किंमत फार मोठी पडू शकते.

दुसरा मार्ग स्टॉकहोममध्ये तयार होत होता, तोही भलत्याच कारणासाठी. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांना कवटी न उघडता मेंदूच्या खोल भागात काम करायचं होतं, वेदना आणि हालचालींचे विकार घालवण्यासाठी. १९५१ मध्ये त्यांनी कल्पना मांडली, की डोक्यावर एक चौकट घट्ट बसवायची, आणि अनेक दिशांनी बारीक किरण एकाच बिंदूवर आणायचे. प्रत्येक किरण वाटेत दुबळा, बिंदूवर मात्र सगळ्यांची बेरीज. आधी क्ष-किरण वापरून पाहिले, मग भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्ये लार्सन यांच्याबरोबर उप्साला इथे प्रोटॉन, आणि १९६७-६८ मध्ये कोबाल्टचे १७९ स्रोत अर्धगोलात मांडलेलं पहिलं गॅमा नाइफ. नावात सुरी, पण कापणं नाही. १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये हे यंत्र आलं. एव्हाना लेक्सेल यांच्याकडे शिकून गेलेले जॉन ॲडलर यांनी स्टॅनफर्डमध्ये चौकटीऐवजी यांत्रिक हातावर बसवलेलं सायबरनाइफ उभं केलं होतं.

दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठीला आता एकाच बैठकीत १८ ग्रे, त्याहून लहान असेल तर २० ते २४ देता येऊ लागले. रगोंच्या एडक्यांनी जे शिकवलं त्याच्या अगदी उलट. तरी निभावतं, कारण निरोगी भागाला मिळणारा डोस गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटरांतच झपाट्याने उतरतो.

मग वाद उभा राहिला. दिसणाऱ्या गाठी नेमक्या टिपल्यावरही सबंध डोक्यावर किरण द्यावेत का? जपानमध्ये हिदेफुमी आओयामा यांच्या १३२ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांचं आयुर्मान सारखंच निघालं, पण नुसत्या नेमक्या किरणांच्या गटात वर्षभरात मेंदूत कुठेतरी नवी-जुनी गाठ उगवण्याचं प्रमाण ७६.४ टक्के होतं, सबंध मेंदू भाजलेल्यांत ४६.८. सबंध मेंदूच्या बाजूचे डॉक्टर म्हणत, पाहा, गाठी परत येण्यानेच बुद्धीला धक्का बसतो, तेव्हा त्या येऊ न देणंच शहाणपणाचं.

याचा निकाल यंत्राने नाही, बारा शब्दांनी लावला. स्मरणशक्तीची एक साधी चाचणी आहे. परीक्षक बारा शब्द वाचतो, रुग्ण आठवतील तितके सांगतो. असं तीनदा. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा विचारतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात एरिक चँग यांनी ही चाचणी ५८ रुग्णांवर वापरली, आणि अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. चार महिन्यांनी शब्द शिकण्या-आठवण्यात लक्षणीय घसरण होण्याची शक्यता नेमक्या किरणांच्या गटात २४ टक्के होती, आणि वर सबंध मेंदूचे किरण जोडलेल्यांत ५२. पुढे मेयो क्लिनिकचे पॉल ब्राउन यांनी उत्तर अमेरिकेतले २१३ रुग्ण घेऊन तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला. २०१६ मध्ये उत्तर आलं. तीन महिन्यांनी बौद्धिक क्षमता घसरलेले रुग्ण ६३.५ टक्के विरुद्ध ९१.७ टक्के. स्कॅन चांगला दिसत होता त्या गटातली माणसं जास्त हरवलेली होती. ६३.५ हा आकडाही काही सुखाचा नाही. आजार स्वतःचा वाटा उचलतोच.

पण गाठी तीनऐवजी आठ असतील तर? जपानमधल्या २३ केंद्रांनी ११९४ रुग्णांना, एकापासून दहापर्यंत गाठी असताना, फक्त गॅमा नाइफ दिलं आणि वाट पाहिली. दोन ते चार गाठींच्या गटाचं मध्यम आयुर्मान १०.८ महिने निघालं. पाच ते दहा गाठींच्या गटाचंही १०.८ महिनेच. गाठी मोजून उपचार ठरवण्याची सवय यानंतर सैल होऊ लागली.

काहींना मात्र सबंध मेंदूचे किरण टाळता येत नाहीत. गाठी पंधरा-वीस असतात, विखुरलेल्या असतात. त्यांच्यासाठी वजाबाकी मेंदूच्या आत केली गेली. आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा लहानसा, वळणदार भाग दोन्ही बाजूंना असतो. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल माँजे आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की किरणांमुळे तिथल्या नव्या चेतापेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचं काम बिघडतं. योगायोगाने दुय्यम गाठी या भागात फार कमी रुजतात. मग किरणांची रचना अशी करायची, की सगळा मेंदू त्यांत येईल पण हिप्पोकॅम्पसची जोडी बरीचशी सावलीत राहील. विनय गोंडी आणि ब्राउन यांच्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांना अल्झायमरवरचं मेमँटिन हे औषधही होतं. हिप्पोकॅम्पस वाचवलेल्या गटात बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. आयुर्मान आणि गाठींवरचा ताबा तसाच राहिला.

आणि मग ‘क्वार्ट्झ’. २०१६ साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी, फुप्फुसाच्या कर्करोगातून मेंदूत गाठी गेलेल्या आणि शस्त्रक्रिया किंवा नेमके किरण शक्य नसलेल्या ५३८ रुग्णांचा निकाल छापला. एका गटाला स्टेरॉइड आणि शुश्रूषा, दुसऱ्याला तेच अधिक सबंध मेंदूवर पाच दिवस किरण. मध्यम आयुर्मान ८.५ आठवडे आणि ९.२ आठवडे. जगलेल्या दिवसांना त्यांच्या गुणवत्तेचं वजन लावून मोजलं तर किरणांनी मिळवून दिले ४.७ दिवस. साठीच्या आतल्या आणि बऱ्या प्रकृतीच्या रुग्णांना फायदा होत असावा असे संकेत त्याच आकड्यांत होते, त्यामुळे उपचार रद्दबातल झाला नाही. पण थकलेल्या माणसाला त्याचे शेवटचे आठवडे यंत्राच्या रांगेत घालवायला सांगण्याआधी डॉक्टरांना आता हा आकडा समोर ठेवावा लागतो.

सगळ्यात नवी वजाबाकी औषधांनी सुचवली आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकाचा दोष भारतीय रुग्णांत बऱ्यापैकी आढळतो, आणि ऑसिमर्टिनिबसारखी गोळी रक्तातून मेंदूत शिरून तिथल्या गाठीही विरघळवते. मग किरण हवेतच कशाला? अमेरिकेतल्या सहा संस्थांनी अशा ३५१ रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आधी नेमके किरण आणि मग गोळी घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान ४६ महिने, आधी सबंध मेंदूचे किरण घेतलेल्यांचं ३०, आणि आधी गोळी घेऊन किरण पुढे ढकललेल्यांचं २५ महिने दिसलं. या जुन्या नोंदी आहेत, चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते, आणि गोळ्याही आधीच्या पिढीतल्या होत्या. तेवढ्यावरून शेवटचा शब्द देता येत नाही, पण किरण सोडायची घाई करणाऱ्याला थबकवण्याइतका हा फरक मोठा आहे.

सबंध मेंदूचे किरण टाळले, की दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करत राहणं ही उपचाराचीच अट होते. नवी गाठ लहान असतानाच टिपायची असते. शहरात राहणाऱ्याला ती एका सकाळची गोष्ट. एमआरआयसाठी जिल्ह्याच्या गावी आणि नेमक्या किरणांसाठी मुंबईला जावं लागणाऱ्या रुग्णाचा पुढचा स्कॅन चुकला, तर गाठ फेफरं किंवा अर्धांग घेऊनच समोर येते. अशा वेळी दहा फ्रॅक्शनचा जुना शिरस्ता सुचवणारा तालुक्याचा डॉक्टर जुनाट असतोच असं नाही. त्याने रुग्णाच्या घरापासून यंत्रापर्यंतचं अंतरही हिशोबात धरलेलं असतं.